सहाच्या सहा भारी, तरी टीम हरतेच (डबल्स)

वाळूवादळ

बरेच महिने रोमात (नुसता वाचत) आहे, आज पहिला धागा काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

पोकेमॉन स्कार्लेट-व्हायलेटमध्ये डबल्स (मैदानात एका वेळी दोघांविरुद्ध दोघं) खेळतो. लेजेंडरी आणि पॅराडॉक्स (खास पोकेमॉनचे गट) बंद असलेला नियमसंच. बाकी नेहमीचंच: सहा दाखवायचे, चार उतरवायचे, सगळे लेव्हल ५०, एकच आयटम दोघांना चालत नाही. काल रात्री चौदा सामने खेळलो, तीन जिंकलो. त्यातलाही एक समोरच्याचं कनेक्शन गेलं म्हणून.

माझी टीम:

ड्रॅगोनाइट – चॉइस बँड
गारचॉम्प – लाइफ ऑर्ब
हायड्रायगन – चॉइस स्पेक्स
ड्रॅगापल्ट – फोकस सॅश
व्होलकारोना – लम बेरी
टायरानिटार – असॉल्ट व्हेस्ट

यातल्या पाच जणांच्या बेस स्टॅट्सची (मूळ ताकदीच्या आकड्यांची) बेरीज ६०० आहे, व्होलकारोनाची ५५०. यापेक्षा भारी आणखी काय घ्यायचं? ईव्ही (आपण वाटून द्यायचे जास्तीचे गुण) सगळ्यांना २५२ ॲटॅकमध्ये (ज्याचा जो असेल तो), २५२ स्पीडमध्ये, उरलेले चार कुठेतरी. टायरानिटारचं नेचर (एक स्टॅट वाढवणारा, एक घटवणारा स्वभाव) ॲडमंट आहे. समोर कुणी सिल्व्हिऑन, व्हिम्सिकॉट असली फुलंपाखरं घेऊन येतं आणि पाच टर्नमध्ये माझं दुकान बंद. कुठे चुकतंय?

गणिताची वही

कागद घे. सहा नावं एकाखाली एक लिही आणि प्रत्येकापुढे फेअरी मूव्ह (फेअरी टाइपचा वार) लागली तर किती पट बसते ते लिही. ड्रॅगोनाइट दुप्पट, गारचॉम्प दुप्पट, ड्रॅगापल्ट दुप्पट, टायरानिटार दुप्पट, हायड्रायगन चौपट. एकटा व्होलकारोना अर्ध्यावर निभावतो. सहातले पाच. आता हाच कागद बर्फासाठी वापर: चार जण अडकतात, त्यातले दोन चौपट.

फुलंपाखरं म्हणालास म्हणून मुद्दाम आकडे काढले. मॉडेस्ट नेचरची सिल्व्हिऑन, २५२ स्पेशल ॲटॅक, पिक्सिलेट (नॉर्मल मूव्ह फेअरी करणारी ॲबिलिटी) असलेली हायपर व्हॉइस. डबल्समध्ये दोघांना लागते म्हणून पाऊणपट धरली आहे. तुझ्या ड्रॅगापल्टला १७० ते २०४ डॅमेज. त्याचा एचपी (जीव) १६३. म्हणजे सगळ्यात कमी रोल (डॅमेजचा नशिबाने येणारा आकडा) आला तरी तो उडतो. गारचॉम्पला १५२ ते १८२, एचपी १८३. तो वाचतो, पण नशीब वाईट असेल तर एका एचपीवर. एका मूव्हमध्ये, आयटमशिवाय, टेराशिवाय (टेरा म्हणजे सामन्यात टाइप बदलणं), तुझे दोघं मैदानातून गेल्यात जमा.

"पण ड्रॅगापल्ट सिल्व्हिऑनच्या आधी खेळतो ना?" असं विचारशीलच. जॉली ड्रॅगापल्टचा स्पीड २१३. स्पीडमध्ये २५२ घातलेल्या मॉडेस्ट सिल्व्हिऑनचा ११२. शेजारी व्हिम्सिकॉट टेलविंड (आपल्या बाजूचा स्पीड दुप्पट) लावतो, ११२ चे होतात २२४. आणि व्हिम्सिकॉट प्रँक्स्टर असल्यामुळे टेलविंडला प्राधान्य मिळतं, म्हणजे ती तू हलायच्या आधीच लागलेली असते. आता स्पीड टर्नच्या मध्येच नव्याने मोजला जातो, त्यामुळे त्याच टर्नला सिल्व्हिऑन तुझ्या पुढे. ही जोडी काही योगायोगाने समोर येत नाही, तुझ्यासारख्या टीमांसाठीच ती जमवलेली असते.

जुनाट

वहीशी सहमत. पण मला दुसरंच दिसलं. टायरानिटार मैदानात आला की वाळूचं वादळ सुरू. वादळ रॉक, ग्राउंड आणि स्टील सोडून सगळ्यांचा दर टर्नच्या शेवटी १/१६ एचपी खातं.

आता ड्रॅगोनाइटचं मल्टिस्केल (मार निम्मा करणारी ॲबिलिटी) फक्त पूर्ण एचपी असताना चालतं. फोकस सॅशही (एका वारात पडू न देणारा आयटम) फक्त पूर्ण एचपी असताना. तुझ्या टीममध्ये दोन्ही आहेत आणि दोन्ही मोडणारा माणूसही तुझाच. घरचा भेदी म्हणतात तो हा. समोरच्याला काही करावंच लागत नाही.

अवांतर: नाव वाळूवादळ घेतलंयस आणि वादळाचाच हिशेब केला नाहीस, याची गंमत वाटली. हलके घ्या.

वाळूवादळ

@जुनाट, 😅 खरंच लक्षात आलं नव्हतं. सॅश बऱ्याचदा "लागलीच नाही" असं वाटायचं. मला वाटलं बग आहे.

चौथा मॉन

मला टाइपांच्या कोष्टकापेक्षा वेगळी तक्रार आहे. टीम वाचली की प्रत्येकाचं काम काय ते कळायला हवं. तुझ्या टीममध्ये सहाही जणांचं काम एकच: मारणं. एक ना धड, भाराभर चिंध्या.

स्वतःला विचार:

स्पीड कोण सांभाळतो? टेलविंड नाही, ट्रिक रूम नाही, आइसी विंड नाही, काहीच नाही. स्वतःचे जे आकडे आहेत तेवढ्यावरच सगळी भिस्त. वर वहीने दाखवलंय ते आकडे किती सहज मागे पडतात.

समोरच्याला एक टर्न थांबवतो कोण? फेक आउट नाही, स्पोअर नाही, रेज पावडर नाही.

मार खाऊन आत-बाहेर कोण करतो? कुणीच नाही.

आणि प्रोटेक्ट (त्या टर्नपुरते वार अडवणारी मूव्ह)! बँडवाला एकाच मूव्हला बांधलेला, स्पेक्सवाला तसाच, असॉल्ट व्हेस्टवाल्याला स्टेटस मूव्ह चालतच नाहीत. म्हणजे तिघांना प्रोटेक्ट घेताच येत नाही. डबल्समध्ये प्रोटेक्टशिवाय खेळणं म्हणजे समोरचे दोघं मिळून एकालाच मारणार आणि तू बघत बसणार. टेलविंड लावलेली टर्न धरून चार टर्न टिकते. दोन प्रोटेक्ट आणि एक स्विच नीट जागेवर पडले की ती निम्मी वाया जाते. फक्त लागोपाठ दाबू नकोस, दुसऱ्यांदा लागायची शक्यता एक-तृतीयांशच राहते.

हायड्रायगनचं तर विचारूच नको. स्पेक्स घालून ड्रेको मिटिओर मारायची, स्पेशल ॲटॅक दोन पायऱ्या खाली, मूव्ह बदलता येत नाही, मग स्विच करायचं, आणि आत येणारा ड्रॅगनच. तो आत येताना समोरच्याला फुकटचे दोन वार.

भाड्याची टीम

एवढा काथ्याकूट कशाला? मोठ्या स्पर्धेत वर आलेली टीम बघायची, रेंटल कोड टाकायचा, खेळायला लागायचं. त्या लोकांनी शेकडो सामने खेळून जमवलेलं असतं. आपण शून्यातून चाक कशाला शोधायचं?

चौथा मॉन

@भाड्याची टीम, सुरुवातीला रेंटल वापरायला माझी ना नाही, शिकायला उत्तम. पण कोडमधून टीम मिळते, बेत मिळत नाही. कुठले चार कुणासमोर काढायचे, पहिल्या टर्नला काय दाबायचं, ते त्या माणसाच्या डोक्यात असतं. मी स्वतः एक गाजलेली ट्रिक रूम टीम उचलली होती. टॉरकोलचा स्पीड २२. का? तर ट्रिक रूममध्ये सगळ्यात हळू तो सगळ्यात आधी. हे कळत होतं. ट्रिक रूम पाच टर्नची, पण लावायची टर्न त्यातच मोजली जाते, म्हणजे हातात चारच, हे मला तिसऱ्या हरलेल्या सामन्यात कळलं. इरप्शनची ताकद स्वतःच्या एचपीवर ठरते, त्यामुळे टॉरकोलला आधी मार बसू द्यायचा नसतो, हे पाचव्या.

भाड्याची टीम

ते पाच सामने हरून शिकलास ना? मग रेंटलनेच शिकवलं की.

चौथा मॉन

मान्य. एक गुण तुझा.

फिरता खेळाडू

मी सिंगल्सवाला, डोकावलो सहज. व्होलकारोना बघून जुनी जखम उघडी पडली. आमच्याकडे स्टेल्थ रॉक (आत येणाऱ्याला लागणारे दगड) असतात, व्होलकारोना आत आला की अर्धा एचपी जातो, कारण रॉक त्याला चौपट. आठव्या पिढीत, २०१९ मध्ये, हेवी-ड्यूटी बूट्स आले म्हणून जीव वाचला. तुमच्या चार-चारच्या खेळात स्विच कमी, त्यामुळे ते दगड कुणी फारसे टाकत नाही.

आमच्याकडे टीम जमवायचा विचार उलट दिशेने होतो. सगळ्यात जास्त काय समोर येतं ते आधी बघायचं. स्मोगनच्या (चाहत्यांची साइट) ओयू थरात (जास्त वापरल्या जाणाऱ्यांचा) बसायला साधारण ४.५२ टक्के वापर लागतो. तो आकडा हवेतून आलेला नाही. पंधरा सामने खेळलात तर तो मॉन एकदा तरी समोर यायची शक्यता पन्नास टक्के, असा वापर म्हणजे ४.५२. त्यामुळे "हा कोण वापरतं" असं म्हणून एखाद्या धोक्याकडे काणाडोळा करायचा की नाही, ते या हिशेबाने ठरतं.

वाळूवादळ

सगळ्यांचे आभार. एवढ्या लवकर एवढं ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

काढून टाकायची यादी केली: हायड्रायगन, ड्रॅगापल्ट, गरज पडली तर व्होलकारोनाही. पण टायरानिटार काढणार नाही. नावावरूनच कळलं असेल. हा हट्ट समजा. तेवढ्यावर टीम उभी राहते का सांगा.

भाड्याची टीम

झालं. आवडता मॉन घ्यायचा आणि मग हरलो म्हणून धागा काढायचा.

जुनाट

थांब रे. आवडता घेऊन जिंकता येतं, फक्त त्याला काम असायला हवं. २०१४ ची जागतिक स्पर्धा आठवा, वॉशिंग्टन डीसीला. सेजुन पार्क पाचिरिसू घेऊन जिंकला. लोक आजही सांगतात की बघा, गोंडस खारीने जग जिंकलं. जग खारीने जिंकलं नाही. त्याच्या टीममध्ये गॅराडोस होता, ज्याला इलेक्ट्रिक मूव्ह चौपट बसते. पाचिरिसूकडे फॉलो मी, म्हणजे वार स्वतःकडे ओढायचे, आणि व्होल्ट ॲब्झॉर्ब, म्हणजे इलेक्ट्रिक वार आला तर उलट एचपी वाढणार. समोरच्याने गॅराडोसवर वीज टाकली की ती खारीचं औषध व्हायची. शेजारी गारचॉम्पही होताच. खार त्या टीममधला सगळ्यात दुबळा मॉन होता आणि तरी तिच्या जागी दुसरा कुणी तेच काम करू शकला नसता.

तर @वाळूवादळ, टायरानिटार ठेव. पण मग वादळ ही अडचण नाही, तेच भांडवल. त्याच्याभोवती बांध.

गणिताची वही

+१, आणि याला तयार उत्तर आहे. एक्सकॅड्रिल, सँड रश. पाचव्या पिढीपासूनची जोडी. वादळात स्पीड दुप्पट. ॲडमंट नेचर, २५२ स्पीड: १४० चे २८०. टेलविंडमधली ती सिल्व्हिऑन २२४, ड्रॅगापल्ट २१३, दोघं मागे. आणि तो स्टील-ग्राउंड, त्याला वादळ लागत नाही, फेअरी अर्धी बसते.

आयर्न हेड सिल्व्हिऑनवर (तिने एचपी-डिफेन्समध्ये काहीच घातलं नाही असं धरून): २१८ ते २५८. तिचा एचपी १७०. आता तू म्हण फुलंपाखरं.

आयटम क्लिअर ॲम्युलेट दे. इन्सिनरोर समोर आला की इंटिमिडेटने ॲटॅक घसरतो, तो घसरणार नाही.

आणि वादळाचा आणखी एक फायदा लोक विसरतात: रॉक टाइपांचा स्पेशल डिफेन्स दीडपट. टायरानिटारला असॉल्ट व्हेस्टची गरजच उरत नाही. ते काढ, प्रोटेक्ट दे.

चौथा मॉन

छान. चला मग, टायरानिटार, एक्सकॅड्रिल झाले. गारचॉम्प ठेव (वादळ लागत नाही), गोल्डेंगो घे (स्टील, फेअरी अर्धी, शिवाय त्याच्यावर स्टेटस मूव्ह चालतच नाहीत), इन्सिनरोर फेक आउट आणि इंटिमिडेटसाठी, अमूंगस स्पोअर आणि रेज पावडरसाठी. सहा झाले.

गणिताची वही

आता पुन्हा तोच कागद, या वेळी ग्राउंडसाठी. टायरानिटार दुप्पट, एक्सकॅड्रिल दुप्पट, गोल्डेंगो दुप्पट, इन्सिनरोर दुप्पट. चार जण. समोर एक गारचॉम्प भूकंप करत आला की संपलं. आगीतून उठून फुफाट्यात.

चौथा मॉन

हात्तिच्या. बरोबर आहे. माझीच टीम असती तर हे तीन दिवसांनी कळलं असतं.

जुनाट

मग आपला गारचॉम्प काढा आणि ड्रॅगोनाइट परत आणा. उडतो, ग्राउंड लागतच नाही.

"पण मल्टिस्केल!" – हो, मीच बोललो होतो. आता खरी गोष्ट ऐका. सहा दाखवायचे असले तरी खेळायचे चारच. म्हणजे सहाची एक टीम नसते, त्या सहांत चार-चारचे दोन बेत लपलेले असतात. पहिला बेत: टायरानिटार, एक्सकॅड्रिल, सोबत गोल्डेंगो आणि अमूंगस. वादळ लावा आणि पळा. दुसरा बेत: ड्रॅगोनाइट, इन्सिनरोर, गोल्डेंगो, अमूंगस. टायरानिटार बाकावर, वादळ नाही, मल्टिस्केल शाबूत. टेरा नॉर्मल घेऊन एक्स्ट्रीम स्पीड (आधी लागणारी नॉर्मल मूव्ह). समोर पावसाची टीम दिसली, जिथे वादळ टिकणारच नाही, की दुसरा बेत काढायचा.

समोरच्याला सहा दिसतात, पण तू कुठला बेत काढणार ते नाही. त्याने एक्सकॅड्रिलची तयारी करून चार निवडले आणि तू ड्रॅगोनाइट घेऊन आलास, तर अर्धा सामना निवडीतच झाला.

वाळूवादळ

हे मला कुणीच कधी सांगितलं नव्हतं. मी दर सामन्याला तेच चार काढायचो. वाचनखूण साठवली.

रोमातली

मध्येच विचारते, टेरा सगळ्यांसाठी वेगवेगळा विचार करून ठरवायचा का? सामन्यात एकदाच करता येतो ना?

गणिताची वही

@रोमातली, एकदाच. म्हणून सहाही जणांचा टेरा "माझा वार आणखी जोरात" असा ठेवला तर पाच वाया. दोन-तीन जणांचा बचावासाठी ठेवावा, ज्या वारामुळे तो मॉन पडतो नेमका तोच वार निष्प्रभ करणारा. ड्रॅगोनाइटचा नॉर्मल हल्ल्यासाठी असला तरी त्याने बर्फाची चौपटही जाते, एका दगडात दोन पक्षी.

फिरता खेळाडू

आणि अधिकृत स्पर्धेत जायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, तिथे २०२३ पासून उघडी यादी असते. मॉन, आयटम, ॲबिलिटी, चारही मूव्ह, टेरा सगळं समोरच्याला आधीच दिसतं. फक्त नेचर आणि ईव्ही झाकलेले. म्हणजे "गुपचूप चॉइस स्कार्फ घातलाय, चकित करतो" असल्या युक्त्या लॅडरवर (ऑनलाइन क्रमवारीच्या सामन्यांत) चालतात, तिथे नाही. लॅडरवर सत्तर टक्के जिंकणारी टीम तिथे गेली की उघडी पडते, हे मी मित्राच्या बाबतीत पाहिलंय.

वाळूवादळ

चार दिवसांनी आलो. टीम बदलली: टायरानिटार, एक्सकॅड्रिल, ड्रॅगोनाइट, गोल्डेंगो, अमूंगस, इन्सिनरोर. ड्रॅगोनाइट बँड काढून लम बेरी, टायरानिटारला लेफ्टओव्हर्स.

वीस सामने, अकरा जिंकले. पण एक विचित्र गोष्ट. पेलिपर असलेल्या टीमसमोर मी दोनदा पहिला बेत काढला (सवय!). दोघं एकदमच मैदानात आले, आणि दोन्ही वेळा वादळ लागून लगेच पाऊस सुरू झाला. एक्सकॅड्रिल १४० वर अडकला. हे नेहमी असंच होतं का?

जुनाट

टायरानिटारचा स्पीड किती?

वाळूवादळ

११३. २५२ घातलेत ना.

जुनाट

म्हणून. दोघं एकदम आले की जास्त स्पीडवाल्याची ॲबिलिटी आधी चालते, कमी स्पीडवाल्याची नंतर, आणि नंतरचं हवामान टिकतं. पेलिपरने स्पीडमध्ये काही घातलं नसेल तर तो ८५. तू ११३, तू आधी वादळ लावतोस, तो वरून पाऊस पाडतो. टायरानिटारचे ते २५२ काढून एचपीत टाक. स्पीड होईल ८१, एचपी २०७. आता पेलिपरचा पाऊस आधी, तुझं वादळ नंतर. टॉरकोलसमोर (तो ऊन लावतो) मात्र हे जमणार नाही, त्याचा बेस स्पीडच २०, त्याच्याखाली तू जाऊ शकत नाहीस.

२५२-२५२ ही सवय सोड, एवढंच. लेव्हल ५० ला पहिला पॉइंट चार ईव्हींत मिळतो, पुढचा प्रत्येक आठात. त्यातला एकेक कशासाठी घातला ते सांगता आलं पाहिजे.

भाड्याची टीम

हळू व्हायसाठी पैसे मोजणारा खेळ जगात हा एकच असेल.

वाळूवादळ

😂 केलं. पेलिपरसमोर पुढचे तीन सामने, तीनही वेळा वादळ टिकलं.

आता शेवटचा सामना सांगतो, कारण तो हरलो आणि अजून डोक्यातून जात नाही. पण आधी माझी तक्रार: रॉक स्लाइड. नव्वद टक्के म्हणे! मला तर दर दुसरी चुकते.

गणिताची वही

नव्वद टक्केवाली मूव्ह तीनदा मारली तर तिन्ही लागायची शक्यता ७२.९ टक्के. म्हणजे साधारण चारातल्या एका सामन्यात ती एकदा तरी दगा देणारच. ऐंशीवाली, हायड्रो पंपसारखी, तीनदा: ५१.२. नाणेफेक. लागलेल्या आपल्याला आठवत नाहीत, चुकलेल्या आठवतात. सामना सांग.

वाळूवादळ

समोर व्हिम्सिकॉट आणि सिल्व्हिऑन. माझे टायरानिटार आणि एक्सकॅड्रिल. वादळ लागलं.

पहिला टर्न: मला वाटलं सिल्व्हिऑन प्रोटेक्ट करणार, म्हणून आयर्न हेड व्हिम्सिकॉटवर. अंदाज बरोबर निघाला. व्हिम्सिकॉटने टेलविंड लावली, सिल्व्हिऑनने प्रोटेक्ट. आयर्न हेड लागलं, व्हिम्सिकॉट सॅशमुळे एका एचपीवर. मागून टायरानिटारची रॉक स्लाइड, आणि ती व्हिम्सिकॉटलाच चुकली! ओरडणार होतो, तेवढ्यात टर्नच्या शेवटी वादळाने त्याला उचललं. सिल्व्हिऑनचेही थोडे एचपी गेले.

दुसरा टर्न: व्हिम्सिकॉटच्या जागी समोरच्याचा ड्रॅगोनाइट. मला हायपर व्हॉइसची भीती, म्हणून टायरानिटारला प्रोटेक्ट. एक्सकॅड्रिलचं आयर्न हेड सिल्व्हिऑनवर. आणि तिने टेरा केला, फायर. आयर्न हेड अर्धं बसलं. तिथून सामना निसटला.

प्रश्न: मी आयर्न हेडऐवजी भूकंप करायला हवा होता का? टायरानिटार प्रोटेक्टमध्ये होताच.

चौथा मॉन

तिने टेरा केला नसता तर? भूकंपाने साधी सिल्व्हिऑन पडते का?

गणिताची वही

काढतो.

वादळाने तिचे दहा गेले होते, उरले १६०. भूकंप, पाऊणपट: टेरा फायर असेल तर २०४ ते २४२, पडते. टेरा नसेल तर १०२ ते १२१, वाचते. आयर्न हेड: टेरा नसेल तर पडते, टेरा फायर असेल तर ५४ ते ६४. म्हणजे भूकंप की आयर्न हेड, दोन्हीकडे अंदाजच.

पण @वाळूवादळ, तू चुकीचं बटण शोधतोयस. टायरानिटारचं बघ. वादळात, नव्या ईव्हीसकट, टेरा झालेल्या सिल्व्हिऑनची हायपर व्हॉइस त्याला ९० ते १०८ लागते. एचपी २०७. निम्माच जातो. आणि ड्रॅगोनाइटच्या एक्स्ट्रीम स्पीडने रॉकचं काय बिघडतं? त्याला भ्यायचं कारणच नव्हतं.

आता टायरानिटारने प्रोटेक्टऐवजी रॉक स्लाइड मारली असती तर: टेरा फायर सिल्व्हिऑनला १५२ ते १८२. आयर्न हेडनंतर तिच्याकडे जास्तीत जास्त १०६ उरलेले. टेरा करो न करो, ती त्या टर्नला जातेच. शिवाय ड्रॅगोनाइटलाही दगड लागून मल्टिस्केल मोडतं.

वाळूवादळ

…

म्हणजे आयर्न हेड बरोबरच होतं.

गणिताची वही

हो. रॉक स्लाइडचे दहा टक्के चुकायचे सोडून.

वाळूवादळ

आणि ती चुकली असती तर मी इथे येऊन रॉक स्लाइडला शिव्या घातल्या असत्या.

जुनाट

घातल्यासच की, वर.